बाणाचं लाकूड

‘माहीत नाही’ हे दोन शब्द मोठेबाबांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. त्यांना त्यांची गरजच पडत नसे. पाऊस येईल का, असं कुणी विचारलं की ते अंगणात यायचे, कपाळावर हात आडवा धरून वर बघायचे, आणि येईल की नाही एवढंच नव्हे, तर नाल्याच्या अल्याड किती आणि पल्याड किती तेही सांगायचे. सांगून झालं की मांडीवर थाप मारून म्हणायचे, “फैसला!” मग पाऊस आला नाही तरी ते रागावत नसत. “चुकला आज तो,” एवढंच पावसाबद्दल म्हणत आणि चहा मागवत.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. देऊळघाटच्या फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव लागतं. तिथं त्यांना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. लहानथोर सगळे फैसलाबाबा म्हणत आणि त्यांना ते आवडे. आमचं घर एकच होतं, मधे भिंत घालून दोन केलेलं; अंगण मात्र सामायिक. एका बाजूला मोठेबाबा आणि मोठीमाय, दुसऱ्या बाजूला बाबा, आई आणि मी. त्यांची मुलं पुण्याला कंपनीत लागलेली. त्यामुळे सांगायला रोज हाताशी कोण, तर आम्ही.

नोकरीत ते कृषी खात्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. साहेब मागं बसून बोलायचे आणि मोठेबाबा पुढं बसून ऐकायचे, अशी सगळी नोकरी झाली. “साहेब बदलत गेले, कान तेच राह्यले,” असं ते म्हणायचे. “म्हणून सारं ज्ञान एका ठिकाणी जमा झालं.” हे ज्ञान घेऊन ते निवृत्त झाले, आणि येताना चिखलीच्या एका माणसाकडून तशीच एक जुनी जीप विकत घेऊन आले. ती उतारावर उभी करावी लागे, कारण सपाटीवर ती चालू व्हायला तयार नसे. आमच्या दारापुढं उतार आहे, म्हणून ती कायम आमच्या दारापुढंच उभी असे.

बीटी कपाशीचं बियाणं आमच्याकडं आलं तेव्हा मोठेबाबांच्या पाराला जत्रेचं रूप आलं. पार म्हणजे बुद्धविहाराशेजारच्या निंबाचा ओटा. लोक पाकिटं घेऊन यायचे. ते पाकीट उन्हात धरायचे, कानाशी हलवायचे, वास घ्यायचे. पाकीट कानाशी हलवून काय कळतं हे विचारायची कुणाची छाती नव्हती. “आता अळी संपली,” त्यांनी जाहीर केलं. “अळी म्हंजे आता पुस्तकात दिसन. फैसला!” पहिली काही वर्षं अळीनं त्यांचं ऐकलंही. पुढं ऐकेनाशी झाली, तेव्हा त्यांनी अळीचं काय चुकतं आहे ते सांगितलं.

पण त्यांचा खरा हंगाम म्हणजे वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे चौरंगावर ग्रंथ. वाचायचा मान मोठेबाबांचा, कारण आवाज त्यांचा. लाईट गेली तरी वाचन थांबत नसे. ते पुढचं स्वतःच्या मनानं सांगत. दर वर्षी त्यात एक संध्याकाळ बाणाच्या गोष्टीची यायची, आणि त्या दिवशी घरोघर जेवणं लवकर उरकून घेत, कारण विहारातून परत यायला किती उशीर होईल याचा नेम नसे.

गोष्ट अशी आहे. एक भिक्षू तथागतांना म्हणतो, जग शाश्वत आहे की नाही, त्याला शेवट आहे की नाही, मेल्यावर तथागत असतात की नसतात, हे मला आधी सांगा, नाहीतर मी हा चाललो. तथागत म्हणतात, एका माणसाला विषारी बाण लागला आहे. वैद्य आला आहे. पण हा माणूस म्हणतो, बाण मारणारा उंच होता की बुटका, कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, धनुष्य कशाचं, बाणाचं लाकूड कशाचं, हे कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही. हे सारं कळायच्या आत तो माणूस मरून जाईल.

इथं आलं की मोठेबाबा ग्रंथात बोट ठेवून मान वर करत. “आता पाहा,” ते म्हणत, “हे लाकूड कशाचं असन?”

आणि मग ते लाकूड सुरू होई. त्यांच्या मते ते धावड्याचं होतं. धावडा चिवट असतो, वाकतो पण तुटत नाही, कुऱ्हाडीला दांडा धावड्याचाच का घालतात, साहेबांबरोबर अंबाबरव्याच्या जंगलात गेले असताना त्यांनी केवढा धावडा पाहिला होता, हे सगळं त्यात येई. पिसं मोराची की गिधाडाची, विष सापाचं की झाडाचं, यालाही त्यांची उत्तरं होती. माणसाला बाण लागलेलाच असे आणि वैद्य दारात उभाच असे. पोरं झोपून जात. शेवटी कुणीतरी साधू साधू म्हणे आणि आम्ही घरी येत असू. गोष्टीचा शेवट काय आहे हे मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं.

एका वर्षी लाकडावरून वाद पेटला. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी बाण बांबूचा असणार म्हणालं आणि त्यावरून आठवडाभर पारावर दोन तट पडले. शेवटी रफिक मिस्त्रींना मधे घातलं. रफिक मिस्त्री आमच्या घरामागं राहणारे सुतार. बैलगाड्यांची कामं बंद पडल्यावर ते दारं-खिडक्या करू लागले होते आणि माल न्यायला त्यांनी एक ऑटो घेतला होता. ते सगळं ऐकून म्हणाले, “चाचा, लकडी देखे बगैर मैं उसका नाम नहीं लेता.”

“म्हणून तर तू मिस्त्रीच राह्यला,” मोठेबाबा म्हणाले. रफिक मिस्त्रींनी ते मान्य केलं आणि रंधा मारायला गेले.

भंतेजी यायचे तेव्हा मोठेबाबा आधीपासून तयारीत असायचे. एकदा भोजनदान झाल्यावर त्यांनी भंतेजींना गाठलं आणि तोच प्रश्न विचारला, मेल्यावर तथागत असतात की नसतात. भंतेजी म्हणाले, “उपासक, मला चिखलीला जायचं आहे. तुमची जीप चालू होते का?” मोठेबाबांनी जीप काढली आणि चिखलीपर्यंत स्वतःच त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. उतरताना भंतेजी म्हणाले, “गाडी फार सावकाश चालवता. चांगलं आहे.” घरी येऊन मोठेबाबांनी सांगितलं की भंतेजींना पटलं.

हे सगळं मी हसत सांगते आहे, आणि आम्ही हसतच जगत होतो. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावरून गेली होती. वारा पडलेला, वर आभाळ, आत नुसता दमटपणा. अळी परत आली होती आणि लोक दिसेल ते औषध मिसळून मारत होते. बाबाही पाठीवर पंप घेऊन सकाळपासून कपाशीत होते. दुपारी ते घरी आले ते भिंतीला धरून. अंगणात बाजेवर बसले आणि ओकले. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं, आणि मला म्हणाले, “लाईट गेली काय वं?” दुपारचं ऊन समोर पडलेलं होतं.

मोठेबाबा लगेच आले. त्यांनी बाबांच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “ऊन लागलं.” मग कांद्याचा रस आणायला सांगितला. शेजारपाजारचे जमले. कुणी म्हणालं, औषध बाधलं. मोठेबाबा म्हणाले, तेही असू शकतं, पण मग कोणतं? मला शेतात पिटाळून औषधाच्या बाटल्या मागवल्या. मी धापा टाकत आणल्या. त्यांनी चष्मा लावला, बाटलीवरचा विषाची खूण सांगणारा त्रिकोण पाहिला. पिवळा म्हणजे काय, लाल म्हणजे काय, हे त्यांनी जमलेल्यांना समजावून सांगितलं. दोन औषधं एकत्र केली की पाण्यात काय होतं, वारा पाठीमागून होता की समोरून, यानं सकाळी काही खाल्लं होतं का, असे एकेक प्रश्न निघत गेले. जमलेले लोकही बोलत होते. प्रत्येकाला काहीतरी वाटत होतं.

आई बाबांचं डोकं धरून बसली होती. ती म्हणाली, “भाऊजी, गाडी काढा ना.”

“थांब बाई,” मोठेबाबा म्हणाले. “अदुगर कारण तं कळू दे. कारण कळल्याबिगर डॉक्टरले काय सांगशीन?”

जीप दारापुढं उतारावर उभी होती. आई तिच्याकडं बघत होती. तिनं आणखी एकदा सांगितलं, मग आणखी एकदा. बाबांचे हातपाय झटके देऊ लागले तेव्हा तिनं सांगणं सोडलं. ती उठून अनवाणी मागच्या गल्लीत धावली आणि रफिक मिस्त्रींचा ऑटो घेऊन आली. त्यात एक अर्धवट केलेली चौकट होती. मिस्त्रींनी ती अंगणात फेकली आणि बाबांना उचलून तिच्या जागी ठेवलं. ऑटो गेला तेव्हा मोठेबाबांच्या हातात बाटली होती, आणि त्यांचं वाक्य अर्धं राहिलं होतं.

बाणाची गोष्ट त्याच आठवड्यात वाचून झाली होती.

बुलढाण्याच्या दवाखान्यात बाबांना बरेच दिवस ठेवलं. जीव वाचला. नजर मात्र अधू झाली ती कायमची. समोर माणूस आहे एवढं दिसायचं, कोण आहे ते दिसायचं नाही. आईनं डॉक्टरांना विचारलं, लवकर आणलं असतं तर डोळे राहिले असते का? डॉक्टर तरुण होते, दिवसभर असेच पेशंट पाहून दमलेले होते. ते म्हणाले, “सांगता येत नाही, ताई.”

आईनं मात्र आपल्यापुरतं ठरवलं होतं. घरी आल्यावर अंगणात उभी राहून ती एकदाच मोठ्यानं म्हणाली, “तेवढ्या येळात गाडी दवाखान्यात लागली असती. डोये गेले ते तुमच्या बोलण्यात गेले.” त्यानंतर ती मोठेबाबांशी बोलली नाही. आमच्याकडं बाई भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, तशीही कमीच बोलते, म्हणून गावाला हे कळायला वेळ लागला. आम्हाला लगेच कळलं, कारण अंगणातून पलीकडं जाणारी भाजीची वाटी बंद झाली. मोठीमाय स्वतःची वाटी घेऊन यायची, आई ती घ्यायची, रिकामी करून धुऊन परत द्यायची. आमच्याकडं धुतलेली वाटी रिकामी परत देत नाहीत. मोठीमाय ती तशीच हातात धरून थोडा वेळ उभी राहायची.

एकदा मोठीमाय भिंतीपलीकडं मोठेबाबांना सांगताना मी ऐकलं. “डॉक्टरच म्हणे ना, सांगता येत नाही म्हणून. मंग काऊन सारं आपल्या डोक्यावर घेता? तिले सांगा ना तसं.”

मग मोठेबाबा म्हणाले, “तेबी एक मतच होये. माह्या सोयीचं.”

पुढच्या आषाढी पौर्णिमेला विहारात नेहमीप्रमाणे सगळे संकल्पाला बसले. आमच्याकडं वर्षावासात जो तो काहीतरी सोडतो. कुणी मटण सोडतं, कुणी तंबाखू, कुणी पत्ते. मोठेबाबांची पाळी आली. ते उभे राहिले आणि म्हणाले, “मी सांगणं सोडून राह्यलो.”

“काय सांगणं?” कुणीतरी विचारलं.

“कशाचंबी.”

लोक हसले. तंबाखू सोडणारे चार दिवसांत परत तंबाखू मळू लागतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठेबाबांचं किती दिवस चालेल यावर पारावर अंदाज सुरू झाले. ते स्वतः त्या अंदाजांच्या मधोमध बसून होते.

त्यांना फार जड गेलं. पाऊस येईल का विचारलं की त्यांचा हात आपोआप कपाळावर जायचा, तोंड उघडायचं, मग ते उघडलेल्या तोंडात तांब्यातलं पाणी ओतून घ्यायचे. दिवसभरात इतकं पाणी प्यायचे की मोठीमायला वाटलं साखर झाली. बातम्या लागल्या की ते उठून जात, कारण बातम्यांना उत्तर दिल्याशिवाय त्यांना बसवत नसे. झोपेत मात्र त्यांचं सुरू असायचं. मांडीवर थाप मारल्याचा आवाज भिंतीतून आमच्याकडं यायचा.

गावाचीही गैरसोय झाली. ज्यांना त्यांचं पटत असे त्यांना आधार राहिला नाही, आणि ज्यांना पटत नसे त्यांना भांडायला कुणी उरलं नाही. मग लोकांना संशय येऊ लागला. एवढा बोलणारा माणूस गप्प बसला म्हणजे त्याला काहीतरी कळलेलं आहे. कुणी म्हणालं, बियाण्याच्या कंपनीनं त्यांना गप्प बसायला सांगितलं आहे. कुणी म्हणालं, या वर्षी दुष्काळ पडणार हे त्यांना समजलं आहे, आणि लोक घाबरू नयेत म्हणून ते सांगत नाहीत. दोघे तर कपाशी मोडून सोयाबीन पेरायला निघाले होते. मोठेबाबांच्या बोलण्यानं कधी एवढी पळापळ झाली नव्हती.

फवारणी सुरू झाली तशी त्यांची जीप दारापुढून हलली. रोज सकाळी ते ती शिवाराच्या वाटेवर, चढावरच्या बाभळीखाली नेऊन उभी करायचे, तोंड रस्त्याकडं करून. मागच्या सीटवर पाण्याची कळशी, साबण आणि आपले दोन धुतलेले सदरे ठेवायचे. औषधानं भिजलेले कपडे अंगावर ठेवायचे नाहीत, एवढं त्यांनी दवाखान्यात ऐकलं होतं. मग दिवसभर स्टिअरिंगवर हात ठेवून कपाशीकडं बघत बसायचे. बाबांना ते हाताला धरून बरोबर नेत. दोघे भाऊ पुढच्या सीटवर बसायचे. एकाला दिसत नव्हतं आणि दुसरा बोलत नव्हता.

पहिला सापडला तो आमच्याच भावकीतला गौतम. पंप उतरवून बांधावर बसला आणि म्हणाला, जरा गरगरते.

“बस गाडीत,” मोठेबाबा म्हणाले.

“काही नाही हो बाबा, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून—”

“बस गाडीत.”

त्याला धुतलं, सदरा बदलला आणि बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, बिस्किटाचा पुडा दिला आणि परत पाठवलं. गावानं महिनाभर त्यांची थट्टा केली. “बाबा, मले शिंक आली, बसू का गाडीत?” असं पोरं विचारायची. “बस,” मोठेबाबा म्हणायचे. काही पोरं खरंच बसली आणि देऊळघाटपर्यंत फिरून आली.

आई हे सगळं बघत होती. बाबा संध्याकाळी घरी आले की त्यांचा चेहरा धुऊन द्यायची आणि विचारायची, “आज कोणाले नेलं?” बाबा सांगायचे. ती ऐकून चुलीकडं जायची.

त्या वर्षी बाणाची गोष्ट आली ती भादव्यात. विहार भरलेला होता. मी आईशेजारी बसले होते. मोठेबाबा वाचत होते आणि आवाज तोच होता. भिक्षू आला, प्रश्न विचारले, बाण लागला, वैद्य आला. मारणारा उंच की बुटका झालं, कोणत्या गावचा झालं, धनुष्य झालं. बाणाचं लाकूड आलं आणि मोठेबाबांचं बोट थांबलं.

इतक्या वर्षांची सवय होती. सगळ्या विहारानं मान वर केली. मोठेबाबांनी मान वर केली नाही. ते त्या ओळीकडं बघत राहिले. कुणीतरी खाकरलं. बाबा भिंतीला टेकून बसले होते, त्यांचे डोळे आवाज येईल तिकडं लागलेले. मोठेबाबांचा ओठ हलत होता, पण ना लाकूड येत होतं ना पुढची ओळ. इतका वेळ गेला की मला वाटलं ते आता ग्रंथ मिटून उठतील आणि परत कधी वाचणार नाहीत.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

“भाऊजी,” आई म्हणाली. “लाकूड कशाचं होतं?”

वर्षभरानं ती त्यांच्याशी बोलली होती. बायकांनी माना वळवल्या. मला तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाही. मी खाली तिच्या हाताकडं बघितलं. तिनं सतरंजीचा काठ मुठीत घट्ट धरला होता.

मोठेबाबांनी चष्मा काढला. “माईत नाही, बाई,” ते म्हणाले.

“मंग वाचा पुढं,” आई म्हणाली.

आणि त्यांनी वाचलं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या गोष्टीचा शेवट ऐकला. तथागत म्हणतात, हे प्रश्न मी सोडवले नाहीत, कारण त्यांच्या उत्तरांनी दुःख जात नाही. दुःख आहे, ते कशानं आहे, ते कसं थांबतं आणि त्याची वाट कोणती, एवढंच मी सांगितलं आहे. अगदी लहान शेवट आहे. आम्ही इतक्या लवकर घरी आलो की भाकरी टाकायच्या राहिलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आईनं अंबाडीची भाजी केली आणि माझ्या हातात वाटी देऊन म्हणाली, “दे तिकडं.”

वर्षावास संपला, पण मोठेबाबांनी सांगणं परत सुरू केलं नाही. लोकांनीही हळूहळू विचारणं सोडलं. फैसलाबाबा हे नाव मात्र राहिलं. पुढं गुलाबी बोंडअळीनं सगळी बोंडं पोखरली त्या वर्षी चूक कुणाची यावर पारावर खूप बोलणं झालं. बियाण्याची, सरकारची, हवेची, शेजाऱ्याची. मोठेबाबा आमच्या वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटत होते. बाबा उपटलेल्या पऱ्हाट्या चाचपून ढीग लावत होते. मला त्यांनी जीप शिकवली ती त्याच सुमारास. उताराला लावायची, सोडायची, दुसऱ्या गिअरमध्ये झटका द्यायचा. मी चुकले की ते काही म्हणत नसत. जीप बंद पडायची, मग आम्ही दोघं उतरून तिला परत चढावर ढकलायचो.

मी गावातच अंगणवाडीत लागले आणि वर्षं सरली. मग एका सकाळी आभाळ आलेलं होतं. मोठेबाबा अंगणात बाजेवर बसले होते, छातीला हात लावून. चेहरा ओला झाला होता. मोठीमाय म्हणाली, रात्री वांगं खाल्लं, गॅस झाला. शेजारचे आले. कुणी ओवा म्हणालं, कुणी सोडा. पुण्याहून मुलांचा फोन आला, दोघांची दोन मतं होती आणि दोघंही ती एकाच वेळी सांगत होते. मी मोठेबाबांना विचारू लागले, हातात दुखतं का, कधीपासून दुखतं.

आई आतून आली. तिनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाली, “भाऊजी, बसा गाडीत.” मग मला म्हणाली, “काय पाहून राह्यली? काढ.”

मोठेबाबा उठले. जाताना त्यांनी आईकडं बघून मान हलवली, एखादं काम बरोबर झालं की हलवतात तशी.

मी चालवत होते. मागं बाबा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आई पायाशी. देऊळघाट गेलं. मोठेबाबांचे डोळे मिटायला लागले तसे आई म्हणाली, त्यांना बोलत ठेवा. बाबांना बाहेर काय आहे ते दिसत नव्हतं, पण हवेला पावसाचा वास येत होता.

“दादा,” त्यांनी विचारलं, “पाऊस येईन का आज?”

मी आरशात बघितलं. मोठेबाबांनी डोळे उघडले होते. हात सवयीनं कपाळाकडं निघाला आणि अर्ध्यावर थांबला. खिडकीतून ते आभाळाकडं बराच वेळ बघत राहिले. त्यांना काय वाटत होतं ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

“पाहू,” ते म्हणाले.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ते गेलेले होते. त्या दिवशी पाऊस आला की नाही, हे आता आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. मला मात्र अजून कुणी काही विचारलं की आधी तो अर्ध्यावर थांबलेला हात दिसतो, आणि रडू येतं.

पुण्यानुमोदनाला, मोठेबाबांच्या श्रद्धांजलीच्या दिवशी, सगळा गाव आला. भाषणं झाली. बाहेरगावच्या एका पाहुण्यानं मोठेबाबा आता कुठं असतील, कोणत्या अवस्थेत असतील, हे बरंच सविस्तर सांगितलं. मोठेबाबांनी भंतेजींना चिखलीपर्यंत सांगितलं होतं, जवळजवळ तसंच होतं ते. मग कुणीतरी आईला म्हणालं, तुम्हीही दोन शब्द बोला. आई उभी राहिली.

“मले काही माईत नाही,” ती म्हणाली. “उद्या आपल्या शिवारात फवारणी हाय. कोणी उपाशी जाऊ नका.” आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप बाहेर काढली. आईनं मागच्या सीटवर पाण्याची कळशी ठेवली, साबण ठेवला. मग ती अंगण ओलांडून मोठीमायकडं गेली आणि मोठेबाबांचे दोन धुतलेले सदरे घेऊन आली. बाबा पुढच्या सीटवर बसलेलेच होते. आम्ही चढावरच्या बाभळीखाली जाऊन, रस्त्याकडं तोंड करून थांबलो.